आईच्या नावाचा प्रोग्राम

सोमवार
नोकरीचा पहिला दिवस मजेत गेला. ऑफिस म्हणजे केकच्या दुकानावरच्या दोन खोल्या, दिवसभर व्हॅनिलाचा वास. काम चांगलं आहे. एकटे राहणारे म्हातारे लोक मोबाइलवरून आम्हाला रोज चार ओळी लिहितात, फोनवाल्या मावशी उत्तरं देतात. कोणी लिहिलं नाही, की मावशी फोन करून चौकशी करतात. मालकीणबाई हौशी, पण चिकट. त्यांनी सगळ्यात कमी मेमरीचा सर्व्हर भाड्याने घेतलाय आणि आधीच्या माणसाने त्यावर प्रत्येक सभासदाचा वेगळा प्रोग्राम बसवलाय, अख्खं कुटुंब एका स्कूटरवर बसावं तसा. आम्हा ऑफिसातल्यांचेही त्यातच. माझा आणि आईचा मी आज सुरू केला. आईने लगेच लिहिलं, जेवलास का?

मंगळवार
मेमरी भरली आणि निवृत्त मास्तरांचा प्रोग्राम बंद पडला. यात नवल काही नाही. जो जास्त लिहितो त्याचा प्रोग्राम फुगतो, आणि जागा संपली की सर्व्हर सगळ्यात फुगलेला प्रोग्राम स्वतःच मारतो, बाकीचे चालावेत म्हणून. मी तो पुन्हा सुरू केला, पण मास्तर काही लिहीनात. मावशींनी फोन लावला तर शेजाऱ्याने उचलला. मास्तर बसल्या खुर्चीत गेले होते. वाईट वाटलं. वयही झालं होतं म्हणा.

बुधवार
आज शिवणकामवाल्या बाई. आधी प्रोग्राम मेला, मग बातमी आली. प्रोग्राम मेल्याची आणि माणूस गेल्याची वेळ ताडून पाहिली, दोघांचीही तंतोतंत जुळली, आणि मावशींना दाखवली. मावशी म्हणाल्या, "मनाचे खेळ आहेत रे. चहा घे."
आता सगळ्यात फुगलेला प्रोग्राम आईचा आहे. दिवसभर लिहिते. गुडघे, मांजर, शेजारीण, आणि मधूनमधून जेवलास का. मी तिच्या प्रोग्रामला खूण केली, काही झालं तरी याला मारायचं नाही. तशी सोय असते. मग आईऐवजी पुढचा नंबर कोणाचा, हे मला समोर दिसत होतं. तरी केली.

गुरुवार
आई खूश आहे. भूक नाही, झोप नाही, गुडघे दुखायचे थांबले म्हणते. लिहितेच आहे. तिचा प्रोग्राम फुगतोय आणि बाकीचे एकामागून एक —
मालकीणबाईंना म्हटलं, मेमरी वाढवा, माझ्या पगारातून कापा. त्या तयार झाल्या. पण वाढवायची तर सर्व्हर एकदा बंद करावा लागतो. म्हणजे सगळेच बंद. नको नको म्हणून मी त्यांचे पाय धरले. त्यांना वाटलं, मला ताप आलाय.

शुक्रवार
मावशींची खुर्ची रिकामी. मालकीणबाई फोन उचलत नाहीत.
मी केलं हे. मीच.

शनिवार
दोनच उरले. आईचा आणि माझा.
आईला फोन करून सांगितलं, आता काही लिहू नकोस. कारण सांगता आलं नाही. ती दुखावली. बरं, नाही लिहीत म्हणाली.
खूण काढली तर ती जाणार. नाही काढायची.
जागा उरलीय एखाद्या ओळीपुरती. तेवढ्यात भागेल. ती लिहीत नाहीये —
लिहितेय. आई काहीतरी लिहितेय. फोन लावतोय, उचलत नाही —
आई, मी जेवलो गं. पोटभर जेव