गवती पिवळा

कळंब, ३ ऑक्टोबर २०२४

ती. स्व. दादास, यमुनाचा सा. न. वि. वि.

नमस्कार रीत म्हणून केलाय, मनातून नाही. मी दोन शब्द बोलले तर तू फोन आपटलास, आता उचलतही नाहीस. मग घे, कागदावर ऐक.

तुझ्या सुरीची धार घोळ माशाच्या काट्यावर दुमडली. दुमडली, दादा! घसरून विनिताच्या तळव्यात गेली. सुनेच्या हाताला टाके, आमच्या कॉटेजवरचे पाहुणे उपाशी, आणि मी रक्त पुसत बसलेली. पातं बघते तर मोरपिशी निळं! कडक पातं घासून पुन्हा हलकं तापवायचं, वाळल्या गवताचा पिवळा चढला की झटकन पाण्यात. निळं झालं की पोलाद मऊ पडलं. आबांच्या भट्टीपाशी हे मला परकरात असताना पाठ होतं. रिसॉर्टवाल्यांना रंगीत पाती आवडतात म्हणून करतोस ना? वर आबांचा शिक्का मारतोस? लाज वाटू दे.

गणपतीला चॉकलेटी म्हणून जांभळी साडी दिलीस, ती थट्टा हसून नेसले. ही नाही चालायची.

राग आहे तोवर लोभही आहे, एवढंच समज.

यमुना

तुळिंज, ७ ऑक्टोबर

चि. यमुनास अनेक आशीर्वाद.

विनिताच्या हाताचं वाईट वाटलं. बाकी तुझं पत्र चुलीत घालायच्या लायकीचं. जन्मभर भट्टीपुढे भाजून निघालो, आणि तू मला गवती पिवळा शिकवतेस? त्याच खेपेतली दुसरी सुरी आत्ता दारात उन्हात धरून बघितली. गवती आहे, हवी तशी. तुमच्याकडेच कोणीतरी तुझी सुरी गॅसवर ठेवली असेल, आधी घरात विचार.

अक्षर वाकडं आलंय, हसू नकोस. इथे व्होल्टेजचा खेळखंडोबा, बल्ब बदलला तरी उजेड पिवळट तो पिवळटच. पाचूबंदरच्या कोळणींच्या सुऱ्या दिवाळीआधी द्यायच्यात, माझं डोकं खाऊ नकोस. आणि साडी चॉकलेटीच होती, मी स्वतः पाहून घेतली.

आशीर्वाद आहेतच, अक्कल मात्र देवाकडे माग.

शांताराम

कळंब, ११ ऑक्टोबर

ती. स्व. दादास सा. न.

साडीचं वाक्य दोनदा वाचलं. साडी काढली, सुरी तिच्याशेजारी ठेवली. विनिताला विचारलं, शेजारच्या टिफनीला विचारलं. साडी जांभळी, सुरी निळी. तुझ्या बल्बला काही झालेलं नाही, दादा. आई दूध पिवळं आलं म्हणून गवळ्याशी भांडायची, आठवतं? मग मोतीबिंदू निघाला.

आता तर मला दुप्पट राग आलाय. दिसेनासं झालं हे बहिणीला सांगता आलं नाही? पाचूबंदरला एकही सुरी जाता कामा नये. त्या बायका दिवसभर मासळी कापतात, एकीचा हात गेला तर? पुढच्या शनिवारी येते, तुला डॉक्टरकडे नेते. ओरडायचं तितकं ओरड.

माया आटली नाही, म्हणूनच भांडतेय.

यमुना

तुळिंज, १५ ऑक्टोबर

चि. यमुनास आशीर्वाद.

तुझ्या वहिनीला पाती दाखवली. एकेक हातात घेऊन निळं, निळं म्हणत गेली. मी तिच्यावरही ओरडलो. मग कानस घेतली. कडक धारेवरून कानस घसरते. इथे ती सरसर धार खात गेली. एकूण एक सुरीवर.

डोळ्यांनी फसवलं मेल्यांनी. एवढा संताप मला तुझाही कधी आला नव्हता.

सगळी पाती पुन्हा लाल करून पाण्यात घातलीत. आता काचेसारखी कडक आहेत, अजून हलकं तापवायचं राहिलंय. तिथे मी थांबलोय. शनिवारी ये. डॉक्टरकडे येईन, पण आधी भट्टीपाशी माझ्या शेजारी उभी राहा. रंग तू सांग, पाण्यात मी घालतो.

आणि सांगायला उशीर केलास तर याद राख.

तुझाच,
दादा