चौकीतला पाऊण तास

दि. २१ नोव्हेंबर, गुरुवार, संध्याकाळ

ताईस,

तुझ्या धाकटीचा नमस्कार. मी बरी आहे. तू कशी आहेस हे विचारायची आज हिंमत नाही, तरी विचारते.

चारदा फोन केला, तू उचलला नाहीस, म्हणून पत्र. पाकिटावर तुझ्या नावाआधी ‘सौ.’ लिहिताना माझं पेन दरवेळी जरा अडतं, आजही अडलं. तुझा स्टीलचा डबा माझ्याकडेच आहे, घासून ठेवलाय. आमच्या चौकीत नवा पंखा बसवला. फिरतो कमी, कुरकुरतो जास्त. अगदी आमच्या साहेबांवर गेलाय.

बघ, कुठल्या कुठे चालले मी.

दुपारी ठमीला घरी घेऊन आले, तेव्हा दार तूच उघडलंस. पोरीला आत ओढलंस आणि तिच्यासमोरच म्हणालीस, “माझ्या नवऱ्यावर केस केलीस? लहानपणापासून मला पाण्यात पाहतेस तू. माझा संसार बघवत नाही तुला!” आणि दार लावलंस. मी पोचायच्या आत भाऊजींचा फोन आला असणार, की मेहुणीने डाव साधला.

ताई, मी जळते हे खरं आहे. नवा फ्रॉक तुला, तो आखूड झाला की मला. खिडकीजवळची खाट तुझी. ते मी सगळं गिळलं. पण मला गाडी शिकवायला मास्तर ठेवले ते माझे होते. वीस दिवस. चढावर गाडी बंद पडली की मला रडू फुटायचं, आणि ते म्हणायचे, “घाई नाही. पुन्हा सुरू कर.” इतक्या मऊ आवाजात तोवर माझ्याशी कुणी बोललं नव्हतं. एकविसाव्या दिवशी ते मला घरी सोडायला आले आणि दार तू उघडलंस. मास्तरांचे भाऊजी झाले. तुमच्या लग्नाच्या फोटोंत बघ, सगळ्यांत मोठ्याने मीच हसतेय.

आता आमच्या कामातलं एक सांगते. पिऊन गाडी चालवणाऱ्याला आम्ही यंत्रात फुंकायला लावतो. आकडा जास्त आला की केस आणि लायसन जप्त. आकडा यंत्राचा असतो, पण नळी कधी द्यायची ते आमच्या हातात. एखाद्याला वाचवायचं असलं की त्याला चौकीत स्टुलावर बसवायचं, पाणी द्यायचं, चहा द्यायचा, वेळ काढायचा. मग म्हणायचं, “हळूच फुंका, लगेच सोडा.” आकडा हद्दीत येतो. वहीत शून्य केस. याला आम्ही ‘बसवून ठेवणं’ म्हणतो. कुणी थकलेला बाप असतो, कुणाची नोकरी जायची असते, कुणाचा मामा मोठा असतो. दया कुठली आणि लबाडी कुठली, हे ज्याचं त्याला माहीत.

सहा महिन्यांपूर्वी, दुपारी तीनला, ‘शिकाऊ’ची पाटी लावलेली भाऊजींची गाडी दुभाजकाला घासत आली. काच खाली झाली तशी भपकारा आला. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्याचंच लायसन गेलं तर तुमची चूल कशी पेटणार? ठमीची शाळा? आपलेच दात, आपलेच ओठ. म्हणून मी त्यांना बसवून ठेवलं. असं मी स्वतःला सांगितलं.

पाऊण तास ते माझ्यासमोर बसले. चढावर बंद पडणारी माझी गाडी त्यांना अजून आठवत होती.

दुसऱ्यांदा बसवून ठेवलं तेव्हा म्हणाले, “तुझी ताई फार बोलते गं. तू बरी, ऐकून तरी घेतेस.” मी तुझी बाजू घ्यायला हवी होती. मी हसले. नंतर आठवडाभर गाणं गुणगुणत होते.

तिसऱ्या वेळी तर मी गुरुवारची ड्यूटी मागून घेतली होती, कारण गुरुवारी ते त्या रस्त्याने येतात. काच खाली झाली, वास आला आणि मला बरं वाटलं. हे वाक्य लिहून मी दहा मिनिटं नुसती बसलेय. वास आला नसता तर त्यांना जाऊ द्यावं लागलं असतं ना! दुधाची तहान मी ताकावर भागवत होते. तू घरी जेवायची थांबली असशील, हेही डोक्यात होतं. थांबू दे, असं वाटायचं.

आज गाडी थांबली आणि मी तोंड उघडायच्या आत ते उतरले, चौकीत शिरले, स्टूल ओढून बसले. “चहा सांगा, हवालदारीणबाई!” मी गाडीशी गेले, तर मागे ठमी. पट्टा नाही, दप्तर मांडीवर, कपाळावर हे एवढं टेंगूळ. “बाबांनी जोरात ब्रेक मारला,” म्हणाली. मग मला धीर देत असल्यासारखी म्हणाली, “मावशी, मी नाही घाबरले. बाबा म्हणाले, पुढच्या चौकात मावशी आहे. तिच्याकडे बसलं की काही होत नाही.”

ताई, मी आत गेले आणि नळीचं पाकीट फोडलं. “एवढ्यात?” त्यांनी विचारलं. नेहमीसारखं हळूच फुंकलं आणि सोडलं. मी म्हणाले, “घाई नाही. पुन्हा फुंका.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग फुंकलं. आकडा तुला केसच्या कागदावर दिसेल.

उद्या साहेबांना मागच्या तीन वेळांचंही लिहून देणार आहे. पुढे माझं जे व्हायचं ते होईल. तुझं एक काम आहे. गाडीची दुसरी किल्ली तुमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला असते. ती काढ आणि त्यांना सापडणार नाही अशी ठेव. ठमीला त्यांच्या गाडीत बसवू नकोस. टेंगूळ उतरलं का, तेवढं कळव. माझ्याशी बोलायचं नसेल तर तिला फोनवर दे.

ठमी माझी नाही, म्हणून मी आजही जळले. पण जळून केस केली नाही गं. जळत होते म्हणूनच तीनदा सोडलं त्यांना.

तू ओळखलंस तशीच,
तुझी धाकटी