घर रिकामं आहे म्हणाले

२९ ऑक्टोबर १९३४, सोमवार
घरमालकीणबाईंनी आज पुन्हा विषय काढला. दिवाळीनंतर खोली त्यांच्या भाच्याला हवी. भाचा येवो न येवो, मी जायचं हे नक्की. वाशीमच्या मुलींच्या शाळेत लागून अकरा वर्षं झाली, ही सातवी खोली.
आता भाड्याची बघायची नाही. विकत घ्यायचं. लहान असो, मातीच्या छताचं धाब्याचं असो. इंझोरीला अण्णाला पत्र टाकलं. भाऊ आहे, रागावेल. साक्षीला मात्र येईल.

३१ ऑक्टो., बुध.
शाळा सुटल्यावर एक घर पाहिलं. पद्मतीर्थाकडे जाणाऱ्या गल्लीत. दोन खोल्या, पुढे पडवीसारखी सपरी, मागे परस, परसात आड, शेजारीही तिथेच पाणी भरतात. धाबं यंदाच लिंपलेलं. मालक नामदेव, भाजीपाल्याचा मळा आहे गावाबाहेर. मळ्यातच पक्कं घर बांधतोय, म्हणून हे विकायला काढलं. मागच्या खोलीत अडगळ आहे, काढून देतो म्हणाला.
"घर रिकामंच हाय, मास्तरीनबाई. दिवाळी झाली का कब्जा घ्या."
एकटी बाई घेणार म्हणून नाक मुरडलं नाही. असा पहिलाच भेटला. पुढच्या खोलीला पूर्वेची खिडकी आहे. टेबल तिथे. घरी येईपर्यंत पाय जमिनीला लागत नव्हते.

९ नोव्हें., भाऊबीज
अण्णा आला. ओवाळलं. जेवण झालं. मग म्हणाला, "द्वारके, लोक मले काय म्हनतीन? भाऊ जित्ता असून बहिनीनं घर इकत घेतलं."
म्हटलं, "तुमच्या घरात वहिनी आहेत, मुलं आहेत, जागा कुठाय? इथे मी असेन."
शेवटी हसला. सोमवारपर्यंत थांबतो म्हणाला.

१२ नोव्हें., सोम.
झालं!
दुपारी कचेरीत दस्त नोंदला. लिहिणाऱ्याने मोठ्यांदा वाचला. 'घेणार द्वारकाबाई, जौजे कैलासवासी' आणि पुढे ह्यांचं नाव. जौजे म्हणजे बायको. आठ महिन्यांचा संसार, त्यातले सहा मी माहेरीच. तेराची होते. अजून कागदावर मी त्यांच्याच मागून चालते. 'धंदा शिक्षकी' हे मात्र मी आग्रहाने घालायला लावलं.
साक्षीदार दोन. अण्णा, आणि गल्लीच्या तोंडाशी कापडदुकान आहे ते हिराचंदशेठ. शेठजी सही करून लगेच उठले. पेढा घेतला नाही. उपास असेल.
किल्ली उशाखाली घेऊन झोपणार आहे. हसायचं त्याने हसावं.

१४ नोव्हें., बुध.
राहायला आले. सामान एका बैलबंडीत मावलं, निम्मी पुस्तकंच. अण्णा दूध उतू घालून इंझोरीला गेला.
चुलीत राख होती, जुनी वाटली नाही. कोनाड्यात एक लाकडी फणी सापडली. नामदेवच्या बायकोची असेल, बाजूला ठेवली.
मी आडावर गेले की शेजारच्या बायका बोलायच्या थांबतात. मला ह्याची सवय आहे. चार महिन्यांत बोलतील.

१७ नोव्हें., शनि.
जसं झालं तसं लिहून ठेवते, नाहीतर उद्या मीच माझ्या सोयीचं आठवेन.
सकाळी दाराशी कोणी खटपट करतंय असं वाटलं. कडी काढली. दारात गौराबाई. बाजारात बालाजीच्या देवळाखाली बसते ती, पाच वर्षं तिच्याकडूनच भाजी घेते. डोक्यावर गाठोडं, हातात किल्ली. मला वाटलं, भाजी घेऊन आली.
मी म्हणाले, "आज मेथी नको, गौराबाई."
हे मी म्हणाले. असं म्हणाले.
ती माझ्याकडे बघेचना. माझ्या खांद्यावरून आत बघत होती, टेबलाकडे, पुस्तकांकडे. मग म्हणाली, "मास्तरीनबाई, तुमी माह्या घरात काय करून राह्यल्या?"

नंतर सगळं कळलं ते तिच्याच तोंडून, सपरीत बसून. नामदेव तिचा धाकटा दीर. घर तिच्या नवऱ्याने बांधलं, तो जाऊन नऊ वर्षं झाली. मूलबाळ नाही. तेव्हापासून ती इथे एकटी. भाऊबिजेला रिठदला भावाकडे गेली होती.
"नामदेवभाऊजीनं सोताच बंडी जुतून देली वं. म्हने, वैनी, आठ दिस रावून ये, लय राबली तू. मले बरं वाटलं."
मग, "माह्यं सामान?"
मी म्हटलं, मी आले तेव्हा काहीच नव्हतं. फणी आणून दिली. ती फणी हातात धरून बसून राहिली. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.
मला माझ्या सासरची मेडशी आठवली. हे गेल्यावर सासरच्यांनी मलाही अशीच बंडी जुंपून दिली होती. चार दिवस माहेरी जाऊन ये. पाचव्या दिवशी मागून माझी ट्रंक आली.
आणि आता दाराच्या आतल्या बाजूला मी.

१८ नोव्हें., रवि.
गौराबाई सपरीतच झोपली. आत या म्हटलं, येईना. "घर तुमचं असन तं मी पावनी. मले पावनी नाही व्हायचं."
सकाळी मळ्यावर गेले. नामदेव वाफ्यात पाणी सोडत होता. मला पाहून खोरं खाली ठेवलं. घर रिकामं आहे असं का सांगितलं, विचारलं.
"रिकामं म्हन्जे, घरात मानूस नव्हता ना त्या दिवशी. भावाच्या मांगं घर माह्यं हाय, कागद पक्का हाय. वैनीले मी टाकून देऊन राह्यलो का? तिले मळ्यावर खोली देतो. तिचं सामान बी तेथंच हाय, मोडलं नाही काही. थे येतच नाही त मी काय करू?"
"तिला विचारलं होतं?"
"इचारलं असतं त थे हो म्हनली असती का?"
खरंच असं बोलला. चेहऱ्यावर लबाडी नव्हती. त्याचं मला जास्त भय वाटलं.
येताना हिराचंदशेठांकडे शिरले. तुम्हाला ठाऊक होतं? गजाने कापड मोजत होते, मोजता मोजता चुकले, पुन्हा सुरुवात केली.
"बाई, साऱ्या गल्लीले ठावं होतं. मले कोनी इचारलं नाही. सही करा म्हनले, केली. आमाले वाटलं, तुमाले बी ठावं असन."
म्हणजे आडावर बायका गप्प व्हायच्या त्या मी एकटी आहे म्हणून नव्हे. मला ठाऊक आहे असं समजून.

१९ नोव्हें., सोम.
शाळेत 'घर' शब्दाची विभक्ती चालवायची होती. दुसरा शब्द घेतला.
संध्याकाळी वकिलांकडे. म्हणाले, दस्त पक्का. विधवेला राहण्याचा हक्क असतो, पण तुम्ही काही ठाऊक नसताना खरेदी केली असेल तर तिला तुमच्याशी भांडणं अवघड. मग चष्मा काढून विचारलं, "घर पाहिलंत तेव्हा तिथे कोणी राहतं अशी काही खूण दिसली होती?"
मी "नाही" म्हणाले.

२० नोव्हें., मंगळ.
नाही कसं?
३१ तारखेला मी हे इथे लिहिलं नाही. परसात दोरीवर लुगडं वाळत होतं. हिरवं, पदराला ठिगळ. मी नामदेवला विचारलं होतं. तो म्हणाला, मजुरणीचं. मजुरीण घरमालकाच्या परसात लुगडं कशाला वाळत घालेल? हे माझ्या मनात आलं होतं, आलंच होतं, आणि मी पूर्वेच्या खिडकीकडे बघायला गेले.
गौराबाई काल तेच लुगडं नेसली होती.

२३ नोव्हें., शुक्र.
थंडी वाढली. आज ती आत आली. मी बोलावलं नाही, तिने विचारलं नाही. चूल पेटवली, भाकरी टाकल्या, एक माझ्या ताटात वाढली. जेवताना भिंतीला हात लावून म्हणाली, "या भितीची माती मी तुडवली. सातवा महिना होता. थे लेकरू राह्यलं नाही."
मग ती पुन्हा भाकरी मोडू लागली. मीही.
अण्णाचं पत्र. 'नामदेवला सांग तिला घेऊन जा, नाहीतर पोलिसात दे. तुझा काय दोष?' मी उत्तर लिहायला बसले आणि उठले.

२८ नोव्हें., बुध.
नामदेवला पुन्हा भेटले. व्यवहार मोडू, घर परत घे म्हटलं. त्याने मळ्यातल्या अर्ध्या उठलेल्या भिंती दाखवल्या. "सारं याच्यात गेलं, मास्तरीनबाई." खरं आहे. माझंही सारं त्यातच आहे.

३ डिसें., सोम.
गौराबाईच्या भावाने रिठदहून येऊन वकील दिला. मला नोटीस आली. त्याआधी तिनेच शाळेच्या फाटकापाशी येऊन सांगितलं होतं, "मास्तरीनबाई, तुमच्यावर कागद येनार हाय बरं. राग धरू नका. भाऊ आयकत नाही."
घरी एकाच चुलीवर आमचं दोघींचं होतंय, आणि कोर्टात मी तिच्या विरुद्ध.

६ डिसें., गुरु.
वकिलांनी जबाब लिहून पाठवला. फक्त माझी सही हवी. 'सदर घर खरेदीसमयी रिकामे होते. घरात कोणी राहत असल्याची कोणतीही खूण घेणारीस दिसली नाही.' उद्या कारकून चारला येऊन नेणार.
सही केली तर घर बहुधा माझं. न केली तर, वकील म्हणतात, खटला वर्षानुवर्षं चालेल, आणि शेवटी आठवी खोली शोधा.
मी छत्तीस वर्षांची आहे. किती खोल्या?

७ डिसें., शुक्र.
पोटदुखीचं कारण सांगून शाळेतून लवकर आले. गौराबाई बाजाराला निघाली होती, टोपली भरून तयार. कागद टेबलावर होता. तिला वाचता येत नाही, पण तिने ओळखलं.
"हा थोच का? वाचून दाखवा मले."
वाचला. एकही शब्द गाळला नाही. तिने उभ्यानेच ऐकला. मग विचारलं, "एवढ्या मोठ्या कागदात मी कोठीच नाही?"
मी नाही म्हटलं.
तिने चुंबळ डोक्यावर ठेवली. टोपली उचलायला मी हात लावला. ती पायऱ्या उतरली, गल्लीच्या वळणापर्यंत वळून पाहिलं नाही. समोरच्या ओट्यावर बायका तांदूळ निवडत होत्या. पहिल्यांदाच त्यांच्यातली एक माझ्याकडे बघून बोलली, "सही केली का वं?"
मी दार लोटून आत आले.
आता साडेतीन. दौत उघडी आहे. चार वाजता कारकून येईल.