मोक्कोचा आवाज

२४ ऑगस्ट १९८५, देवास

आज पुन्हा हसले. मी नणंदेला एवढंच विचारलं, "वन्सं, बर्तन घासून झालेत, चाय ठेवू का?" नलिनी पोट धरून बसली. हे पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "एका वाक्यात पेशवाई आणि बसस्टँड."

सासूला आत्याबाई, नणंदेला वन्सं — धारला आमच्यात असंच म्हणतात. आणि चाय म्हणजे चायच. ही माणसं इचलकरंजीची. यांना इथल्या कारखान्यात नोकरी लागली, म्हणून नऊ वर्षांपूर्वी आईला आणि बहिणीला घेऊन आले. दाराबाहेर अर्धा देवास माझ्यासारखा बोलतो. दाराच्या आत मी एकटी. लग्नाला तीन महिने झाले. आज दिवसभरात किती वाक्यं बोलले ते मोजलं — सात.

२६ ऑगस्ट

काही नाही. दुपारी सगळे झोपले. मी खिडकीशी उभी राहिले, बसले, परत उभी राहिले.

१ सप्टेंबर

कारखान्यात मशीन बसवायला एक जपानी इंजिनीअर आला होता. जाताना यांना कॅसेट देऊन गेला. तिकडच्या टीव्हीवरून उतरवलेलं कार्टून. शेजारच्या गणपतरावांकडे व्हीसीआर आहे, आज तिथे लावली. रंग येईनात. चित्र मधूनच वर सरकायचं. आणि भाषा जपानी. कॉलनीतली पोरं दहा मिनिटांत कंटाळली.

गोष्ट आहे सायकलच्या शर्यतीत उतरलेल्या एका मुलीची. पण तिच्या घरात दुसऱ्या ग्रहावरून पडलेला एक बुटका राहतो. त्याला सगळे मोक्को म्हणतात, तेवढं कळतं. साबण खातो. इस्त्रीला वाकून नमस्कार करतो. छत्री उघडून तिच्यात जाऊन बसतो. शर्यतीशी त्याचा काही संबंध नाही. येतो, घोटाळा करतो, जातो.

तो साबण चावत होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे भिया, ही बर्फी तर भोत फेस करून राहिली!" सगळी पोरं वळून माझ्याकडे बघायला लागली. मग म्हणाली, काकू, अजून बोला ना. तासभर बोलत होते. घसा बसला. छान वाटलं.

५ सप्टेंबर

गणपतराव कॉलनीच्या गणपतीचे सेक्रेटरी. संध्याकाळी आले आणि सासूबाईंना म्हणाले, "भवानीबाई, यंदा तुमच्या सूनबाई माइकवर पाहिजेत. मोठा टीव्ही आणतोय मांडवात."

सासूबाई म्हणाल्या, "बोलेल की. तिला दुसरं काय येतं?"

वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. आतून पाय नाचत होते.

२० सप्टेंबर

झालं. मांडव भरला होता. कारखान्यातले साहेब, बायका, पोरं, बाहेरचे भाजीवालेसुद्धा उभे राहून बघत होते. सुरुवातीला मी माइक नुसता धरून उभी राहिले. मोक्को आला आणि भीती गेली. तो इस्त्रीपुढे वाकला तेव्हा मी म्हटलं, "आत्याबाई, आशीर्वाद द्या, पण गरम नका होऊ." लोक अक्षरशः खुर्च्यांवरून पडायचे राहिले. पुढच्या ओळीत सासूबाई. हसता हसता पदरानं डोळे पुसत होत्या. मी त्यांना इतकं हसताना कधी पाहिलेलं नाही.

हे घरी येताना माझ्या बाजूनं चालले. एरवी चार पावलं पुढे असतात.

२१ सप्टेंबर

सकाळी नळावर तीन बायकांनी धरलं. "बोला ना तसं काहीतरी." पोरं मोक्कोकाकू म्हणतात. ठीक आहे.

दुपारी साहेबांची बायको घरी आली, माझं कौतुक करायला. म्हणाली, "आवाज किती छान काढलात." मी काही बोलायच्या आत नलिनी म्हणाली, "वहिनीला आवाज काढावाच लागला नाही. ती अशीच बोलते." आणि सासूबाई म्हणाल्या, "आमच्याकडे तर रोजच फुकटचा खेळ असतो."

मी ट्रे घेऊन आत आले. तेव्हापासून या घरात हात कुठे ठेवावे ते कळत नाही. तांदूळ निवडले. परत निवडले.

२२ सप्टेंबर

मी मोक्कोला बोलतं करत नव्हते. मी नुसती बोलत होते. लोक कुणाला हसले?

२४ सप्टेंबर

गणपतरावांना दुसरा खेळ हवा आहे. लोकांचा आग्रह आहे म्हणे. मी नको म्हटलं. हे म्हणाले, "मी हो सांगून बसलोय. मला तोंडघशी कशाला पाडतेस?"

माझ्या तोंडाचं कुणी विचारलं नाही.

२६ सप्टेंबर

गेले. माइक हातात दिला. मांडव मागच्या वेळेच्या दुप्पट भरलेला. मोक्को पडद्यावर आला, साबण उचलला. सगळ्यांच्या माना माझ्याकडे. मी तोंड उघडलं आणि काही आलंच नाही. ठरवून नाही. खरंच आलं नाही. मग माइक खुर्चीवर ठेवला. तो बुटका जपानीत एकटाच बडबडत राहिला, कुणी हसलं नाही. मी मधल्या वाटेनं चालत घरी आले.

हे आले ते रागानं लाल होऊन. "शोभा केलीस माझी."

मी म्हटलं, "रोज माझी होते."

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं.

३० सप्टेंबर

दादा न्यायला आला. मीच चिठ्ठी पाठवली होती. हे म्हणाले, चार दिवस राहून ये. सासूबाईंनी कुंकू लावलं. त्यांचं बोट जरा जास्त वेळ कपाळावर राहिलं, असं मला वाटलं. वाटलंही असेल उगाच.

३ ऑक्टोबर, धार

माझ्या खोलीत आता वहिनीचं शिलाई मशीन आहे. मी बाबांच्या खोलीबाहेर झोपते. बाबा काही विचारत नाहीत. वहिनी वाढताना एकदा म्हणाली, "दिवाळीपर्यंत राहशील नं?" प्रेमानं म्हणाली. तरी मी दुसरी पोळी नको म्हटलं.

आज मी म्हटलं, "भांडी मी घासते." दादा हसला. "भांडी? वा भिया, बाईसाहेब चार महिन्यांत पुण्याच्या होऊन आल्या."

इथेही हसले.

८ ऑक्टोबर

रोज किल्ल्यापर्यंत चालत जाते. तिथे काही काम नसतं. परत येते.

११ ऑक्टोबर

यांचं पत्र. चार ओळी. दसऱ्याच्या आत ये. लोक विचारतात. आईची तब्येत बरी आहे. कॅसेट गणपतरावांकडून परत आणली आहे.

लोक विचारतात. तुम्ही विचारता का, ते लिहिलेलं नाही. उत्तर लिहायला घेतलं, तीन कागद फाडले.

१४ ऑक्टोबर

नलिनीचं पत्र. मराठी लिहिताना तिच्या फार चुका होतात, शाळा हिंदीत झाली ना. मला हसू आलं आणि लगेच लाज वाटली. चुका सुधारून इथे उतरवते —

"वहिनी, माझं चुकलं. तू गेल्यावर आई तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, आपण देवासला आलो त्या साली मी भाजीवाल्याकडे दोडका मागितला. त्याला समजेना. मी तीन वेळा सांगितलं. तिथे उभ्या सगळ्या बायका हसल्या, एकीनं माझी नक्कल केली. वहिनी, आई त्यानंतर एकटी कधी बाजारात गेली नाही. मी आणि दादा समजत होतो की तिचे गुडघे दुखतात."

दोनदा वाचलं. मग बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी पत्र मागून घेऊन स्वतः वाचलं. मग म्हणाले, "आणि तरी त्या तुला हसल्या." मी म्हटलं, हो. मला राग यायला हवा होता तितका येईना. पण परत जायचं मनही होईना.

१७ ऑक्टोबर

अकराच्या सुमाराला कडी वाजली. दारात सासूबाई. बरोबर कुणी नाही.

यांना सांगितलं नाही म्हणे. सकाळच्या बसनं निघाल्या. इंदूरला गाडी बदलायची, तीही दुसऱ्या स्टँडवरून, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. "पाच जणांना विचारलं. दोघं हसले. मी विचारत राहिले." आणि मग चौकटीला धरून म्हणाल्या, "तुला न्यायला आले नाही. तुझी इच्छा असेल तेव्हा ये, नसली तर नको येऊस. मी वाईट वागले, ते पत्रात लिहिण्यासारखं नव्हतं."

त्यांनी चप्पल काढली तर टाच सोललेली. मी हळद आणायला आत आले आणि आतच उभ्या उभ्या हे लिहिते आहे. बाहेर बाबा त्यांना पाणी देताहेत.