मी हातपंपावर नव्हते

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. तरी ऊन उतरलं की वाटतं, आता वॉर्डातून तुमची हाक येईल, "अवं, चहा ठेवला का नाई? का मीच ठेवू?" तुम्ही दवाखान्याच्या मोठ्या सिस्टर; माझा नवरा गेल्यावर तुम्हीच मला तिथं आया म्हणून लावलं. औषधाच्या खोक्यांवरची अक्षरं लावत मी वाचायलाही तिथंच शिकले. आता घरात पुस्तकं आहेत, चहाही आहे. रागावणारं कोणी नाही.

ते पुण्याकडचे शिकाऊ डॉक्टर आठवतात? येऊन आठवडाच झाला होता. सकाळी मी एका पेशंटचं काही सांगायला गेले, तर म्हणाले, "मावशी, तुम्ही फरशी बघा. पेशंट मी बघतो." त्याच दुपारी आतल्या गावची एक पहिलटकरीण येते. डॉक्टर मराठीत विचारतात, ती गोंडीत सांगते. पोटातलं पाणी परवाच गेलं, असं ती सांगत असते. डॉक्टर अंदाजानं 'आज सकाळी' असं लिहितात. मी पडद्याजवळ फडकं पिळत उभी आहे. मला गोंडी येते. मी फरशी बघते.

नंतर तुम्ही आलात, तिच्या कपाळाला हात लावलात. अंग तापानं फणफणलेलं. सोबत आलेल्या सासूला विचारलंत तेव्हा खरं कळलं. जीपनं तिला गडचिरोलीला पाठवलं. ती वाचली, मूल नाही.

तुम्ही आम्हा दोघांना समोर उभं केलंत. "तू कुठी होती वं?"

"हातपंपावर, बाई."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी पडद्याजवळ होते हे त्यांना माहीत होतं. पण ते बोलले नाहीत, आणि तुम्ही त्यांनाच धरलंत. "हिले गोंडी येते, तुमाले नाई येत. हाक माराले काऊन लाज वाटली? दवाखाना एकट्याचा नसते, डॉक्टर."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना विचारलं, "तुमी काऊन नाई सांगतलं?"

"सकाळी मीच तुम्हाला गप्प केलं होतं ना, मावशी."

पुढं केसपेपर लिहिण्याआधी ते मला हाक मारत, माझं चुकलं तरी पूर्ण ऐकून घेत. मीही बोलू लागले. एकदा नुसतं म्हटलं, "हिचे पाय कालच्यापेक्षा सुजले जी," तर ते जेवणाच्या ताटावरून उठून तिला बघायला गेले. ते पुण्याकडं परतल्यावर प्रत्येक नव्या डॉक्टरला तुम्ही ती गोष्ट सांगायचात: आया हातपंपावर होती अन् डॉक्टरनं हाक मारली नाई. मी शेजारी उभी राहून ऐकायचे.

तुम्ही ब्रह्मपुरीला घरी आजारी होतात तेव्हा खरं सांगायचं ठरवूनच मी बसमध्ये बसले होते. तुम्ही माझा हात धरलात आणि शेजारणीला म्हणालात, "हे माही पोरगी. मापासून इनं कवाच काई लपवलं नाई." मी तुम्हाला पेज पाजली आणि संध्याकाळच्या बसनं परत आले.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहिता येतंय. तुम्ही रागावाल याची भीती नव्हती, बाई. 'पोरगी' हा तेवढा शब्द परत घ्याल, याची होती.