चार ओळी पऱ्हाटी

सर, तुमची वही अजून माझ्याकडेच आहे. मेहकरला तुमच्या स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यांशेजारी दोन कॉम्प्युटर होते, आणि चहा ढवळत ढवळत तुम्ही लिनक्स शिकवायचात. एकाच मशीनमधले दोन प्रोग्राम आपसात सॉकेटवरून बोलतात, आणि प्रत्येकाला सिस्टीमने एक लेबल दिलेलं असतं: हा कोण, याला कोणाशी बोलायची मुभा. ते लेबल बघायची कमांड तुम्ही पहिल्याच पानावर लिहून दिलीत. एसएस, पुढे एक्स, एल आणि मोठा झेड. एकदा मी चालू प्रोग्रामच्या यादीत नुसतं नाव पाहून म्हणाले, चालू आहे सर. तुम्ही हातातल्या गाळणीसकट वळलात. "चालू हाये म्हणजे काय वं? कोणाच्या लेबलानं चालून राह्यलं, ते पाय आधी." मला रागच आला होता. एवढ्याशा गोष्टीचा केवढा बाऊ, असं वाटलं.

तुम्ही गेल्यावर मी एका कचेरीत लागले, बियाण्याच्या तक्रारींच्या कामावर. बीटी कपाशीवर बोंडअळी पडली त्या वर्षी अर्जांचा पूर आला. शेतकरी अर्ज भरायचा, त्याला नंबर मिळायचा, अर्जाचा प्रोग्राम तो अर्ज सॉकेटवरून दुसऱ्या प्रोग्रामकडे द्यायचा, आणि तिथून साहेबांच्या यादीत. मग पीक उभं असेपर्यंत पथक जाऊन पंचनामा करणार. एका दुपारी तो दुसरा प्रोग्राम बंद पडला. घाईघाईत मी तो माझ्या लॉगिनमधून, हाताने सुरू केला. चालू प्रोग्रामच्या यादीत त्याचं नाव दिसलं, हायसं वाटलं. पण त्याला लेबल लागलं माझं, आणि माझ्या लेबलाशी बोलायची अर्जाच्या प्रोग्रामला मुभाच नव्हती. अकरा दिवस लोकांना नंबर मिळत राहिले आणि अर्ज दारातच अडकून राहिले. यादीत नवा अर्ज येईना, तेव्हा साहेब म्हणाले, अळीचा जोर ओसरला वाटतं. मीही मान डोलावली.

बाराव्या दिवशी साखरखेर्ड्याकडची एक बाई आली. लग्नपत्रिकेच्या पाठीवर नंबर लिहून आणला होता. "ताई, नंबर तं आला. मंग पाह्यले कोणी काऊन नाही आलं?" हरभऱ्यासाठी वावर मोकळं करायचं होतं, तरी पथकाला दाखवायला तिने चार ओळी पऱ्हाटी, अळी पडलेली कपाशी, उभी ठेवली होती. वाट पाहून पाहून आदल्या दिवशी नवऱ्याने त्याही उपटल्या. तिच्यासमोरच मी ती कमांड दिली. समोर माझ्याच लॉगिनचं लेबल. दुरुस्तीला मिनिटही लागलं नाही. पण उपटलेल्या पिकाचा पंचनामा होत नाही. मी तिला म्हणाले, वरूनच कोणी आलं नाही. ती म्हणाली, "तुमी तरी काय करान, ताई." आणि पिशवीतल्या ओंजळभर तुरीच्या शेंगा माझ्या टेबलावर ठेवून गेली.

तिचा अर्ज 'पीक उभे नाही' असा शेरा मारून निकाली निघाला. तसे आणखीही कितीतरी. आता रोज सकाळी मी पहिली तीच कमांड देते. बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय. साखरखेर्ड्याची बस कचेरीसमोरूनच जाते, इतक्या वर्षांत मी एकदाही तिच्यात चढले नाही. हे खरं तर त्या बाईला सांगायला हवं. तुम्हाला लिहिते आहे, कारण तुम्ही आता रागावणार नाही.