एकतीस नंबरची रेकॉर्ड

५ ऑक्टोबर २०१९, शनिवार

रेडिओवर आज एका म्हाताऱ्याने माझी फजिती केली. फोनवर म्हणाला, "बाई, वीस वर्षं तुमचा कार्यक्रम ऐकतोय. सोल संगीत लावता, रॉक लावता, पण ती गिटारवाली लोकगीतं कधी लावत नाही. राग आहे का त्यांच्यावर?" काचेपलीकडे वेंडेल बटणं सांभाळायची सोडून हसत बसला. मी अठ्ठावीस वर्षं या डेट्रॉइटात बस चालवली आहे, उलट बोलायला मला वेळ लागत नाही. पण आज लागला. "पुढच्या शनिवारी लावते," एवढंच म्हटलं.

वेंडेल नंतर म्हणतो, "तुझ्याकडे एक तरी आहे का तसली?"

एक आहे. वरच्या कपाटात, सगळ्यात मागे. जोनेटाने दिलेली. एकोणसत्तरपासून मी ती उघडलेली नाही.

६ ऑक्टोबर

चर्चमध्ये जोनेटा आजही शेवटच्या बाकावर, जांभळी टोपी. आम्ही एकमेकींकडे बघत नाही. आता त्याची इतकी सवय झाली आहे की बघितलं तरच चुकल्यासारखं वाटेल.

काल तिचा विषय मीच उकरला, तर लिहूनच टाकते. आमच्या वेळी तळघरात पार्ट्या व्हायच्या. लाल बल्ब एक, बाकी अंधार. ज्याने त्याने आपापल्या छोट्या रेकॉर्डी आणायच्या. मधल्या कागदावर शाईने नाव आणि नंबर, म्हणजे निघताना ज्याची त्याला परत. आणि दुसऱ्याच्या नावाची रेकॉर्ड त्याला विचारल्याशिवाय लावायची नाही. हा नियम चोरसुद्धा पाळत.

माझी एकतीस नंबरची रेकॉर्ड माझ्या भावाची होती. लेमची. तो आणि गल्लीतली तीन पोरं, दोन गाणी, सदुसष्टचा उन्हाळा. छापल्या तीनशे. त्याच जुलैत शहर पेटलं तेव्हा दुकानासकट बहुतेक सगळ्या जळाल्या. लेम पुढे व्हिएतनामला गेला आणि एकोणसत्तरच्या फेब्रुवारीत पेटीतून परत आला. पेटी उघडू दिली नाही. आमच्या घरात त्याचा आवाज म्हणजे ती एक रेकॉर्ड.

त्याच वर्षी नोव्हेंबरच्या पार्टीत ती हरवली. रेकॉर्डी बदलायला मी, शेजारी जोनेटा. लेमबरोबर तिचं ठरल्यासारखंच होतं, तो आला असता तर माझी वहिनी झाली असती. निघताना सगळ्या रेकॉर्डी वाटल्या, एकतीस नाही. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "तूच घेतलीस. तो तुला हवा होता, मिळाला नाही, म्हणून." तिने कोट घेतला आणि गेली.

दर वर्षी लेमच्या वाढदिवसाला मी रेडिओवर हे सांगते. नाव घेत नाही. गरज नाही, आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. रॉइस म्हणतो, पुरे आता. नवऱ्यांना काय जातं म्हणायला! पण मी म्हणते, एवढ्या वर्षांत ती एकदा तरी माझ्या दारात आली का? मन साफ असतं तर आली असती.

१० ऑक्टोबर, गुरुवार

आजचं आजच लिहिते.

सकाळी ती लोकगीतांची मोठी रेकॉर्ड काढली. कव्हरवर कुठलीशी गोरी मुलगी, कुरणात बसलेली. जोनेटाला तेव्हा असलं आवडायचं, गल्लीतली पोरं तिला चिडवायची. त्याच पार्टीत तिने ती मला भेट दिली होती. रेकॉर्ड बाहेर ओढली, तर मागून एक छोटी घरंगळून मांडीवर पडली.

डेलिया एच., ३१. माझंच नाव, माझंच अक्षर.

अक्षरावरून बोट फिरवलं. मग आठवलं. त्या दिवशी हे कव्हर मी मांडीवर ताटासारखं धरलं होतं. वाजवून झालेली रेकॉर्ड त्यावर ठेवायची, मग आपल्या पाकिटात घालायची. लाल उजेड, धक्काबुक्की. माझ्याच हाताने आत सरकली. आणि जोनेटाची वस्तू म्हणून रागाने मी ते कव्हर पुन्हा कधी उघडलंच नाही.

गॅरेजमधून रॉइस आला. बघितली, टोपी काढली. "लाव," म्हणाला.

लावली. खरखर बरीच आहे. दुसऱ्या कडव्यात लेम जरा लवकर शिरतो, मग स्वतःच हसतो. ते हसणं मी विसरले होते. पन्नास वर्षं मी गाणं आठवत होते आणि हसणं विसरले होते.

१२ ऑक्टोबर

लोकगीतं लावली. म्हाताऱ्याने फोन करून आभार मानले. लेमच्या रेकॉर्डीबद्दल मी बोलले नाही. भित्री कुठली.

१५ ऑक्टोबर

रॉइस जेवताना: "मग, जोनेटाला कधी सांगणार?"

मी: "घरी जाऊन सांगेन हळूच."

"हळूच का? चोर म्हणालीस तेव्हा हळूच म्हणाली होतीस?"

मी त्याच्या ताटातलं मक्याच्या पावाचा शेवटचा तुकडा उचलून खाल्ला. तो पुढे म्हणाला, "तुझी खोड मला माहीत आहे. दाराची घंटा वाजली की आधी पडदा सरकवून बघतेस आणि मग ठरवतेस घरी आहेस की नाही." याचा इथे काय संबंध? रात्रभर तेच डोक्यात.

२० ऑक्टोबर, रविवार

चर्च सुटल्यावर तिच्या मागे गेले. गाडीपर्यंत पोचले. ती काठी आत ठेवत होती. मी म्हटलं, "थंडी पडायला लागली." ती म्हणाली, "ऑक्टोबर आहे." दार लावलं, गेली.

पन्नास वर्षांनी पहिलं बोलणं, आणि हवामानाचं.

२ नोव्हेंबर

वेंडेलला सगळं सांगितलं, रेडिओवर कबूल करणार हेही. तो म्हणाला, "श्रोते तुझ्यावर तुटून पडतील." पडू देत. मला श्रोत्यांची भीती नाही. मला भीती आहे ती एकाच बाईची, आणि तिने रेडिओ लावलाच नसेल याची.

९ नोव्हेंबर, शनिवार

आज लेम बहात्तर वर्षांचा झाला असता.

साडेदहाला माइक उघडला. लिहून नेलेला कागद बाजूला ठेवला. म्हटलं, "दर वर्षी आजच्या दिवशी मी तुम्हाला सांगते की माझ्या भावाचा आवाज एका मैत्रिणीने चोरला. ते खोटं आहे. रेकॉर्ड माझ्याच घरात होती, माझ्याच हाताने चुकीच्या कव्हरात गेली होती. त्या मैत्रिणीचं नाव जोनेटा प्रूट. तिने काही घेतलं नाही. मीच तिचं चांगलं नाव हिरावून घेतलं. माझं चुकलं, जोनेटा." आणि लेमची रेकॉर्ड लावली, दोन्ही बाजू.

फोन सतरा आले. एकजण म्हणाला, आता कोणत्या तोंडाने कार्यक्रम करणार? म्हटलं, याच. एक बाई नुसती रडत होती. तिचाही कोणी भाऊ गेला होता का, विचारायचं राहिलं.

जोनेटाचा फोन नाही.

१० नोव्हेंबर

शेवटचा बाक रिकामा.

११ नोव्हेंबर

बर्फ. आज माजी सैनिकांचा दिवस. रॉइसने झेंडा लावला. फोन नाही. मी रताळ्याच्या दोन गोड पाई भाजल्या, एक तिच्यासाठी. मग दोन्ही फ्रीजमध्ये ठेवल्या. जायला पाय उचलत नाही, हे खरं.

१३ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी घंटा वाजली. पडदा सरकवला. जोनेटा, जांभळी टोपी, हातात तपकिरी कागदी पिशवी. या वेळी दार उघडलं.

तिने पिशवी टेबलावर ठेवली. आत लेमची रेकॉर्ड. दुसरी. मधल्या कागदावर तिच्या अक्षरात: डेलिया एच., ३१.

"लेमबरोबर ढोल वाजवायचा त्या पोराच्या आईकडे एक उरली होती. महिनाभर तिचे कपडे इस्त्री करून दिले, तेव्हा दिली. सत्तरच्या जानेवारीत घेऊन आले होते. तीनदा घंटा वाजवली. पडदा हलला होता."

हो. हलला होता. हे मी या वहीतसुद्धा कधी लिहिलं नाही. भांडायला आली असेल, असं स्वतःला सांगितलं, आणि पुढे ती आलीच नाही असं सांगायला लागले.

"मीच होते," मी म्हटलं.

"ठाऊक आहे."

रेकॉर्डीवर एकही ओरखडा नव्हता. मी विचारलं, "तू तरी ऐकायचीस ना गं?"

"ऐकलं ते थेट शनिवारी, तुझ्या रेडिओवर," ती म्हणाली. "तुझं नाव होतं ना तिच्यावर. विचारल्याशिवाय कशी लावणार?"